अंकुशराव काही करत नाहीत

"मानसानं रिटायर व्हावं तर माझ्यासारखं," अंकुशराव सांगत. "म्हागं बगायचं न्हाई, म्होरं बगायचं न्हाई. बसायचं."

आणि ते बसत. दुबलगुंडीच्या मारुतीपुढच्या कट्ट्यावर, पिंपळाच्या बुंध्याला पाठ लावून, सकाळी ऊन अंगावर येईपर्यंत एका बाजूला आणि आल्यावर दुसऱ्या बाजूला. त्यांच्या हालचालींवरून गावातले लोक वेळ ओळखत. माणूस उभ्या जन्मात बसला नव्हता, त्याची ही भरपाई होती. सरकारी मोटारीत कंडक्टरला बसायला जागा असते खरी. पण हुमनाबादच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीत त्या जागेवर आधी एखादी बाळंतीण बसे, तिच्या मांडीवर मूल आणि मुलाच्या मांडीवर कोंबडी. कंडक्टर बिचारा दाराशी लोंबकळत गावोगावचे खड्डे मोजणार. म्हणून शाल-नारळ घेऊन गावी परतल्यावर अंकुशरावांनी ठरवलं, की इकडची काडी तिकडे करायची नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांच्या हातात आणून द्यावा लागे, आणि रिकामा झाल्यावर हातातून काढून घ्यावा लागे.

यात त्यांचा आळस नव्हता. गावाची रीतच तशी होती. ज्याचा मुलगा नोकरीला लागला, त्याने हाताला काम लावायचं नाही. लावलं तर लोक बापाला काही म्हणत नसत, मुलाला म्हणत. "पोरगा हैदराबादला नोकरीला अन् बाप शेरडं वळायलाय," एवढं एक वाक्य गावातून फिरलं की त्या पोराला सणालासुद्धा गावात यायची चोरी. त्यामुळे पिराजी रोज शेरडांच्या मागे जाई, पण असा, की शेरडं आपल्या कामाला निघालीत आणि हा आपल्या, वाट तेवढी एक आहे. हावगेप्पा सुतार गाड्याची चाकं घराच्या आतल्या खोलीत दार लावून दुरुस्त करी, आणि बाहेर कुणाची चाहूल लागली की वाकस खाली ठेवून जोरजोरात खोकू लागे. गावात दमेकरी म्हणून त्याचं नाव झालं होतं.

अंकुशरावांना असलं सोंग करावं लागत नव्हतं. ते खरोखरच काही करत नसत. मुलगा व्यंकट गुलबर्ग्याला सोसायटीत क्लार्क होता. "मी काई करत न्हाई," हे वाक्य ते अशा काही ऐटीत बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही पदवी हैदराबादहून मिळाली असणार.

ही रीत बायांना लागू नव्हती. का नव्हती, हे कुणी कुणाला विचारलेलं नव्हतं.

साल चौऱ्याऐंशी. तुरीच्या राशी नुकत्याच निघाल्या होत्या. एक दिवस कट्ट्यापुढे जीप थांबली. तिच्यातून म्हैसूरकडच्या एका कॉलेजातले प्राध्यापक शिवय्या उतरले, आणि त्यांच्यामागून एक ठेंगणी, गोरी, बारीक डोळ्यांची बाई. बाई जपानची होती. तिचं नाव गावातल्या कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून संध्याकाळपर्यंत सगळे तिला जपानअक्का म्हणू लागले.

शिवय्यांची भाषा कन्नड. अंकुशराव आपणहून दुभाषी झाले. मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषांतून माणसांना पुढे सरकायला सांगण्यात त्यांची हयात गेली होती.

"वय झालेले बाप्ये आणि बाया कुठल्या देशात किती काम करतात, ते आम्ही बघतोय," शिवय्यांनी कन्नडमधून सांगितलं. "आता ह्यांच्या जपानात साठी उलटली तरी बाप्ये कामावर जातात. फ्रान्सकडे उलटं, तिथं माणूस लवकर घरी येतो. आणि नवल असं, की नवरे घरी येऊ लागले त्याच सुमारास कितीतरी देशांत त्यांच्या वयाच्या बायका नव्यानं कामाला बाहेर पडल्या."

अंकुशरावांच्या कानात यातलं जपानचं तेवढं वाक्य शिरलं, मागची दोन दारातच राहिली.

"साठीनंतर कामावर?" ते कळवळून म्हणाले. "जपानात लोकांना पोरं व्हईनात का?"

शिवय्यांनी हे जरा मऊ करून सांगितलं असावं. जपानअक्का हसली आणि तिने लिहून घेतलं. येत्या बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, गावातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना विचारायला येतो, असं सांगून जीप गेली.

अंकुशरावांना जपानची दया आली, आणि गावाचा अभिमान दाटून आला. त्यांनी त्याच संध्याकाळी कट्ट्यावर सगळ्या म्हाताऱ्यांना गोळा केलं.

"बेस्तरवारी कुणी बी काम करतो म्हनून सांगायचं न्हाई. आपलं गाव जगात जायलंय. काय करता इचारलं की सांगायचं, काई न्हाई, बसतो. पोरं बगत्यात."

"माझी पोरं शेरडं बी बगत न्हाईत, मला कवा बगत्यात," पिराजी म्हणाला.

"त्ये जपानला कशाला सांगायलास?"

"अन् बायांनी काय सांगायचं?" हावगेप्पाने विचारलं.

"त्या बी बसत्यात म्हनून सांगायचं."

"कुठं बसत्यात?" पिराजीने खऱ्या कुतूहलाने विचारलं. मग कुणीतरी तंबाखूची चंची काढली आणि तो विषय मिटला.

अंकुशरावांच्या डोक्यात मात्र आणखी एक बेत शिजत होता. व्यंकटने तिशी गाठली होती आणि तीन स्थळं दारात येऊन परत गेली होती. चौथं स्थळ निंबर्ग्याचं, तुरीचे व्यापारी गुंडेराव यांची मुलगी. मुलगी पाहून झाली होती, पत्रिका जुळली होती, देण्याघेण्याचं ठरलं होतं. राहिलं होतं ते एवढंच, की मुलीकडच्यांनी येऊन घर बघायचं. अंकुशरावांनी निंबर्ग्याला निरोप धाडला: बेस्तरवारी दुपारच्याला या.

घरी सत्यभामाबाई परसात गोवऱ्या थापत होत्या.

"बेस्तरवारी जीप येनार हाय. त्याच दिशी निंबर्ग्याचे बी येनार हायत."

"दोन्ही एकदम कामून?"

"कामून म्हंजे? गुंडेराव येतील तवा दारात जीप दिसंल. आपल्या बाजंवर जपानची बाई बसल्याली दिसंल. कुनाच्या घरात दिसती?"

"त्यास्नी घर बगायचंय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "बाई न्हाई."

अंकुशरावांनी तिकडे दुर्लक्ष केलं. "तुला बी इचारत्याल. सांगायचं, मी बसते. काई काम करत न्हाई."

"मी?"

"व्हय. मग काय सांगनार? पोरगा क्लार्क अन् माय शेन थापायली म्हनून?"

सत्यभामाबाईंनी हातातल्या गोळ्याकडे पाहिलं. "मग काम कोन करतंय म्हनू?"

"त्ये कोन इचारतंय?"

"इचारलं तर?"

"काय बी सांग. पर तू करतीस म्हनून सांगू नको. माझी अब्रू हाय ती."

"बरं," असं म्हणून सत्यभामाबाईंनी गोवरी भिंतीवर थापली. त्या 'बरं' म्हणाल्या की गोष्ट संपली, असं अंकुशराव लग्नापासून धरून चालत आले होते.

बेस्तरवारी पहाटे सत्यभामाबाईंनी डोकीवरून पाणी घेतलं, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं, आणि बाहेर येऊन बाजेवर बसल्या. अंकुशरावांना वाटलं, तयारी चाललीय. चहा काही आला नाही तेव्हा त्यांनी तो हॉटेलात घेतला आणि ते कट्ट्यावर गेले. गावात कुणाची तरी म्हैस सारखी ओरडत होती. "कुनाची हो ही? धार काडली न्हाई वाटतं," असं ते पिराजीला दोनदा म्हणाले. पिराजीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

कट्ट्यावरची विचारपूस अगदी ठरल्यासारखी झाली. एकामागून एक म्हातारा पुढे येई आणि सांगे, काई न्हाई, बसतो. हावगेप्पाच्या मिशीत लाकडाचा भुसा होता, पण तो बसत होता. पिराजी बोलत असताना त्याची एक शेळी मागून येऊन त्याचं धोतर चघळू लागली. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही कधी भेटच झाली नव्हती.

जपानअक्काने शेवटी विचारलं, "मग गावातली कामं कोण करतं?"

"तरनी पोरं," अंकुशराव.

"ती कुठं आहेत?"

"हैदराबाद, बीदर, गुलबर्गा. समदी नोकरीला." हेही त्यांनी अभिमानाने सांगितलं.

जपानअक्काने भराभर लिहिलं. तिच्या टिपणाप्रमाणे दुबलगुंडी हे गाव त्या वेळी मारुतीच्या कृपेने आपोआप चाललेलं होतं.

मग अंकुशराव पाहुण्यांना घेऊन घरी आले. मागोमाग सगळा कट्टा आला आणि अंगणाच्या गडग्याला टेकून उभा राहिला. सत्यभामाबाई बाजेवर होत्या. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे, नजर समोर, फोटो काढायला बसवतात तशा. पहाटेपासून त्या तिथून हलल्या नव्हत्या. गोठ्यात म्हैस आकांत करत होती.

अंकुशरावांना काहीतरी चुकल्याचा पहिला वास इथे आला, पण शिवय्यांनी तोवर विचारायला सुरुवात केली होती. त्यांना कामचलाऊ मराठी येत होती, दुभाषाची गरज लागली नाही.

"अक्का, तुम्ही काय काम करता?"

"मी बसते."

"सकाळी उठल्यावर?"

"बसते."

"मग स्वयंपाक?"

सत्यभामाबाईंनी मोजलं. घरात माणसं दोन. त्यातलं एक आपण, आणि आपलं नाव घ्यायचं नाही असं बजावलेलं. हिशेबाला त्या पक्क्या होत्या.

"हे करत्यात," त्या म्हणाल्या.

गडग्यावरच्या कट्ट्याने माना पुढे काढल्या.

"झाडलोट?"

"हेच."

"पाणी? म्हशीची धार?"

"त्ये बी हेच. मला काडीला हात लावू देत न्हाईत."

शिवय्यांनी शब्दन्‌शब्द जपानअक्काला सांगितला. ती अंकुशरावांपुढे येऊन उभी राहिली, आणि कमरेत वाकून तिने त्यांना नमस्कार केला. कशाबद्दल, हे अंकुशरावांच्या अजून ध्यानात उतरायचं होतं. पण परदेशी बाई वाकतेय म्हटल्यावर तेही वाकले.

"बाई म्हणतात," शिवय्या म्हणाले, "त्यांचे वडील सत्तर वर्षांचे आहेत, अजून कामावर जातात, पण घरात चहाचा डबा कुठं असतो ते त्यांना माहीत नाही. बाईंनी चार देश बघितले. नोकरी सुटल्यावर सगळं घर अंगावर घेणारा बाप्या त्यांना पहिल्यांदा भेटला. धार काढताना तुमचा एक फोटो घ्यायचाय."

अंकुशरावांनी सत्यभामाबाईंकडे पाहिलं. सत्यभामाबाई समोर बघत होत्या.

आता खरं सांगावं, तर बायको जगापुढे खोटी ठरते आणि कट्ट्यावर आपण शिकवलेलं सगळंच उघडं पडतं. न सांगावं, तर म्हैस. अंकुशरावांनी म्हैस पत्करली. चरवी घेऊन ते गोठ्यात शिरले. म्हशीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मोटार खच्चून भरल्यावर शेवटी चढणाऱ्या उतारूकडे ते स्वतः अशाच नजरेने पाहत असत. त्यांनी कासेला हात घातला, आणि पुढच्या क्षणी चरवी एकीकडे, टोपी एकीकडे, आणि अंकुशराव शेणात, बसलेल्या स्थितीत.

"अंकुशराव," हावगेप्पा गडग्यावरून म्हणाला, "ती वळखत न्हाई की तुमाला."

"रोज धार काढतात आणि ओळखत नाही?" शिवय्यांनी नवलाने विचारलं.

आता संपलंच, असं अंकुशरावांना वाटलं. पण बाजेवरून सत्यभामाबाईंचा शांत आवाज आला. "धोतरावर कशी वळखंल? रोज माझं लुगडं नेसून काडत्यात."

दावणीची सवय ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात खोट काढता येणार नाही. जनावराला वासाची आणि वस्त्राची ओळख असते. घरची बाई माहेरी गेली की कितीतरी बाप्यांनी तिचं लुगडं पांघरून धार काढलेली आहे, फक्त दार लावून. अंगणात, अख्ख्या कट्ट्यासमोर, जपानच्या साक्षीने कुणी काढलेली नाही.

वळणीवर सत्यभामाबाईंचं रोजचं हिरवं लुगडं वाळत होतं. अंकुशरावांनी ते धोतरावरून गुंडाळलं. निऱ्या कुठे जातात ते माहीत नसल्याने जमतील तिथे खोचल्या. उरलेला पदर डोक्यावरून घेऊन नाकापर्यंत ओढला. निदान तोंड तरी जगाला दिसू नये. म्हशीने हुंगलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि पान्हा सोडला. पहाटेपासून तुंबलेलं दूध. चरवीत धार वाजू लागली. जपानअक्काचा कॅमेरा वाजू लागला. पिराजीने तोंडात धोतराचा सोगा कोंबला होता, त्याचे खांदे गदगद हलत होते.

आणि नेमके निंबर्ग्याचे पाहुणे आले.

गुंडेराव पुढे, रेशमी फेटा बांधलेले. मागे त्यांची बायको राजूबाई, अंगाने किडकिडीत, तोंड घट्ट मिटलेलं. गुंडेरावांनी जीप पाहिली, गर्दी पाहिली, बाजेवर बसलेली एक बाई आणि कॅमेरा धरलेली दुसरी पाहिली, आणि गोठ्यातल्या तिसऱ्या बाईला अदबीने विचारलं, "अंकुशराव हायत का वो घरात?"

हात थांबवावा तर म्हैस पुन्हा लाथ घालणार. अंकुशराव पदराआडून धार काढत राहिले.

"बाई, अंकुशराव..."

शेवटी पदर सरकला. आत मिशा होत्या. तेल लावून पीळ दिलेल्या, कंडक्टरच्या.

"या, गुंडेराव," अंकुशराव चरवीकडे बघत म्हणाले. "बसा."

शिवय्यांनी मोठ्या उत्साहाने गुंडेरावांना कन्नडमधून सगळं समजावलं: या घरात सगळं काम हेच करतात, बाईंना बसवून ठेवतात, असा मनुष्य चार देशांत नाही. गुंडेरावांचा चेहरा तुरीच्या ढासळत्या भावासारखा उतरत गेला.

"लुगडं नेसून?" त्यांनी विचारलं.

"रोज," शिवय्या म्हणाले.

गुंडेराव बायकोकडे वळले. आवाज हलका ठेवण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण व्यापाऱ्याचा आवाज तो. "चल. पाचची मोटार गावंल. घर बगून झालं."

"तुमी म्हस बगितलाव," राजूबाई म्हणाल्या. "मी अजून घर बगितलं न्हाई." आणि त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. आतून आवाज आला, "अण्णा, च्या तुमीच करता म्हनं. करा की. साखर कुटं ठिवता?"

अंकुशराव लुगड्यासकट आत गेले. फळीवर डबे ओळीने होते, सगळे सारख्याच काळ्या बुडाचे. त्यांनी पहिला उघडला, त्यात तिखट होतं. शिंका आवरून त्यांनी दुसरा उघडला, त्यात हरभऱ्याची डाळ. तिसऱ्यात धान्य नव्हतं. एक मळकी, लांब पट्टी गुंडाळून ठेवलेली होती, गुडघ्याला बांधतात तसली, वापरून वापरून सैल झालेली. "ही कुनाची," असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. घरात गुडघे चारच होते, आणि त्यांतले दोन रिटायर झाल्यापासून कट्ट्यावर होते.

राजूबाई बघत होत्या.

दारातून बाज दिसत होती. सत्यभामाबाई अजून तशाच होत्या. त्यांना बसायची सवय नव्हती हे पाठमोरंसुद्धा कळत होतं. हात गुडघ्यांवरून उचलून मांडीत ठेवले, मांडीतून काढून बाजेवर ठेवले, मग एका हाताने बाजेचा सुंभ घट्ट करू लागल्या, आणि लक्षात येऊन पुन्हा गुडघ्यावर. बस स्टँडवर पहिल्यांदा आलेली माणसं अशी बसतात. आपली गाडी नक्की कुठली आणि आपल्याला तिच्यात घेतील का, हे माहीत नसलेली. अशी हजारो माणसं अंकुशरावांनी पाहिली होती. आपल्या अंगणात एकही पाहिलं नव्हतं.

लुगड्यातल्या माणसाला आणखी लाज वाटायला जागा नसते, असं त्यांना आतापर्यंत वाटत होतं. ती निघाली.

"साखर कुटं हाय मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "म्हशीला मी आज पैल्यांदा हात लावला. मीच हिला सांगितलं व्हतं, काम करते म्हनू नको. मी ह्या घरात काई करत न्हाई."

गावाने हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं, की गडग्यावरचे लोक ते त्यांच्याबरोबर म्हणू शकले असते. पण या खेपेला कुणी म्हटलं नाही. हावगेप्पा खोकला, आणि तो खोकला खरा वाटला.

"ऐकलंस?" गुंडेराव दारातून म्हणाले. "वर खोटारडं बी हाय. चल."

"निऱ्या बगितल्या तवाच कळलं व्हतं मला," राजूबाई म्हणाल्या. "रोज नेसनारा असल्या निऱ्या घालंल व्हय?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "साखर कुटं असती त्ये तुमाला बी ठावं न्हाई. पर माझा शबुद ऱ्हावा म्हनून तुमी लुगडं नेसला असता का?"

गुंडेराव फेटा सारखा करू लागले.

"ह्यांनी खोटं सांगितलं, पर दोगांनी मिळून एकच सांगितलं. आपल्या घरात तुमचं येगळं असतंय अन् माझं येगळं. पोरगी मी हितं दिली."

गुंडेराव मुरलेले व्यापारी होते. कुठला सौदा आपल्या हातात राहिलेला नाही, हे त्यांना लगेच कळे. ते बाजेच्या कडेला येऊन बसले आणि त्यांनी चहा मागितला.

तो शब्द ऐकताच सत्यभामाबाई ताडकन उठल्या. कुणी काही म्हणायच्या आत चूल पेटली, साखर चुलीमागच्या कोनाड्यातून निघाली, आधण चढलं. उभं राहिल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. चुलीपुढे उकिडवं बसताना त्यांनी एक हात गुडघ्यावर दाबला. अंकुशरावांनी तो पाहिला. हा हात असाच दाबला जाताना रोज त्यांच्यासमोर होता.

जपानअक्का दारात उभी होती. काय घडलं ते शिवय्यांनी तिला सांगितलं असावं, कारण ती आता वाकली नाही. तिने वहीतलं आधीचं खोडलं आणि पुन्हा पहिला प्रश्न विचारला. शिवय्यांना आपल्या मराठीची आता खात्री राहिली नव्हती, त्यांनी तो अंकुशरावांकडे दिला.

"अगं," अंकुशराव म्हणाले, "त्या इचारायल्यात. आता खरं सांग. काय काम करतीस?"

"काम?" सत्यभामाबाईंनी चुलीत फुंकर घातली. धुरात डोळे मिटले. त्यांनी मनापासून आठवून पाहिलं. "काम काई न्हाई. घरीच असते की."

जपानअक्का लेखणी धरून वाट पाहत होती. तीन भाषांचा दुभाषी तोंड उघडून उभा राहिला. एवढं सोपं वाक्य त्याला कन्नडमध्ये करता येईना.

"काय म्हणाल्या?" शिवय्यांनी विचारलं.

"करती म्हनून लिवा," अंकुशराव शेवटी म्हणाले.

"काय करतात?"

अंकुशरावांनी सांगायला सुरुवात केली आणि त्यांच्या ध्यानात आलं, की निम्म्याच्या वर कामं आपल्याला माहीतच नाहीत. "समदंच लिवा," ते म्हणाले.

"'सगळं' असा रकाना नाही," शिवय्या म्हणाले.

लग्न माघात निंबर्ग्याला झालं. मांडव मोठा होता, आळंद-हुमनाबादकडची झाडून सगळी मंडळी होती, आणि बेस्तरवारची गोष्ट त्यांच्याआधी मांडवात येऊन बसलेली होती. अंकुशराव जिथे जात तिथलं हसणं थांबे, आणि ते पुढे गेले की पुन्हा सुरू होई. मानपानाची वेळ आली. वरबापाचा आहेर म्हणून गुंडेरावांनी ताट पुढे केलं: धोतरजोडी, रेशमी फेटा, शाल, नारळ. त्यांच्यामागून राजूबाई आल्या आणि त्याच ताटात त्यांनी आणखी एक घडी ठेवली. नऊवारी हिरवं लुगडं, रुंद काठाचं, चांगलं जाडजूड, धुवायला सोपं.

सगळा मांडव बघत होता. व्यंकटने मान खाली घातली. अंकुशरावांनी कान लाल होईपर्यंत वाट पाहिली, मग दोन्ही हातांनी ताट घेतलं आणि कपाळाला लावलं. आहेर परत करायची रीत नाही.

परतीच्या मोटारीत सत्यभामाबाईंनी लुगड्याची घडी उलगडून पोत पाहिला. "ब्येस हाय," त्या म्हणाल्या. "मला ऱ्हाऊ द्या. तुमाला कशाला?"

अंकुशरावांनी पुढे-मागे पाहिलं. मोटारीत ओळखीचं कुणी ऐकत नव्हतं. त्यांनी लुगडं हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.

"तुझं ते जुनं इरलंय आता," ते खिडकीकडे तोंड करून पुटपुटले. "सकाळच्या थंडीत धार काडताना लई गार लागतंय."